तावदानाचे वजन

खिडकी म्हटली की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे बाहेर उघडणारी दोन झडपे उभी राहतात. बिजागऱ्या, कडी, वाऱ्याने झडप आपटू नये म्हणून लावलेला आकडा आणि मध्ये उभे गज. वसईच्या जुन्या घरांत हीच खिडकी, मुंबईच्या चाळीतही हीच. खाली-वर सरकणाऱ्या खिडकीशी आपला परिचय होतो तो बहुधा रेल्वेच्या डब्यात. दोन्ही बाजूंच्या खिट्या दाबून झडप वर न्यायची, ती अडकल्याचा आवाज ऐकायचा आणि मगच कोपर बाहेर टेकायचे. लहानपणी आपणा सर्वांनाच वडीलधाऱ्यांनी बजावलेले असते, ‘बोटे सांभाळ रे!’ ही सूचना विनाकारण नसते. त्या झडपेचा सारा भार दोन लहानशा खिट्यांवर असतो. खिटी सुटली की झडप आपल्या पूर्ण वजनानिशी खाली येते.

इंग्लंडमधील जुन्या घरांची खिडकीदेखील अशीच खाली-वर सरकते. तिला तेथे सॅश खिडकी म्हणतात. एका चौकटीत काचेची दोन तावदाने, एक वर व एक खाली, आपापल्या खोबणीतून सरकणारी. परंतु तिच्यात खिटी नाही, खाच नाही. तावदान वीतभर उचला, ते तेथेच थांबते. हातभर उचला, तेथेही थांबते. पहिल्यांदा ही खिडकी मी हाताळली तेव्हा एवढी जड काच कोणाच्या आधारावर अधांतरी राहिली आहे, हे कोडे मला उलगडेना. मी चौकटीच्या दोन्ही अंगांना वाकून पाहिले. दिसल्या त्या केवळ दोन दोऱ्या, वरच्या बाजूस लाकडात नाहीशा होणाऱ्या.

त्या दोऱ्यांचे रहस्य आपल्या विहिरीवरील कप्पीहून फारसे निराळे नाही. चौकटीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पोकळ पेट्या असतात. तावदानाला बांधलेली दोरी वर कप्पीवरून जाऊन या पेटीत उतरते आणि तिच्या टोकाला लोखंडाचे किंवा शिशाचे वजन लोंबत असते. तावदान वर जाते तेव्हा वजन खाली येते, तावदान खाली येते तेव्हा वजन वर जाते. जुने कारागीर यात आणखी एक बारकावा पाळीत. वरच्या तावदानाची वजने त्या तावदानापेक्षा किंचित जड ठेवायची, म्हणजे ते आपोआप वर घट्ट बसते; खालच्या तावदानाची किंचित हलकी ठेवायची, म्हणजे ते खाली घट्ट बसते.

या खिडकीचा इतिहासही मोठा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती इंग्लंडच्या राजवाड्यांत व श्रीमंतांच्या घरांत आली आणि पुढील शंभर वर्षांत साध्या घरांपर्यंत पोहोचली. १६६६ साली लंडन शहर आगीत भस्मसात झाले. त्या अनुभवाने शहाण्या झालेल्या राज्यकर्त्यांनी लाकडी चौकटींवर लक्ष ठेवले. १७०९ सालच्या कायद्याने लंडनमध्ये खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरील कडेपासून चार इंच आत बसविणे बंधनकारक झाले आणि १७७४ च्या कायद्याने वजनांच्या लाकडी पेट्या विटांच्या आड लपविण्यात आल्या. जुन्या लंडनमधील घरांच्या खिडक्या भिंतीत खोल बसलेल्या दिसतात, त्यामागे आगीची ही धास्ती आहे.

हे सारे समजून घेण्याची वेळ माझ्यावर आली ती २०२२ सालच्या उन्हाळ्यात. लंडनच्या दक्षिण भागातील एका धर्मग्रामात मी त्यावेळी सेवा करीत होतो. आमचे निवासस्थान जुने, लाल विटांचे. तळमजल्यावरील खिडक्या दोरी-वजनाच्या, उत्तम चालणाऱ्या. वरच्या मजल्यावरील मागच्या खोलीची खिडकी मात्र नंतर केव्हा तरी बदललेली होती. तिच्यात वजने नव्हती, स्प्रिंगा होत्या, आणि त्या निकामी झालेल्या होत्या. खालचे तावदान वर उचलावे तर मण मण भारी लागे, आणि सोडावे तर धाडकन खाली येई.

त्या खोलीत एक निवृत्त आयरिश धर्मगुरू राहत. वय शहाऐंशी. संधिवाताने हातांची बोटे वाकडी झालेली, तरी बाणा असा की आपले काम दुसऱ्याला सांगायचे नाही. खिडकी उघडायची तर ते खांद्याने तावदान रेटीत आणि खाली लाकडाचा एक ठोकळा उभा करीत. मे महिन्याच्या अखेरीस एके दुपारी तो ठोकळा निसटला. तावदान कोसळले. त्यांचा हात क्षणभरापूर्वीच उंबऱ्यावरून उचलला गेला होता, म्हणून बोटे वाचली. आवाज ऐकून मी वर धावलो. ते खुर्चीत बसून होते. म्हणाले, “काही नाही. खिडकीने आपले मत सांगितले.” त्या दिवसापासून त्यांनी खिडकी उघडणे सोडून दिले. मी उघडून देतो म्हटले तर नकार. मला बोलावून खिडकी उघडून घ्यायची, मला बोलावून ती बंद करून घ्यायची, रात्री दोनला घुसमटले तर पुन्हा मला उठवायचे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यापेक्षा बंद खोली बरी.

उन्हाळा चढत होता. तेथील बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही घरात छताला पंखा नव्हता. भिंती थंडी अडविण्यासाठी बांधलेल्या. आत आलेली उष्णता त्या सहजी बाहेर सोडीत नाहीत. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला बंद खोलीत ठेवून उन्हाळ्याची वाट पाहणे मला धोक्याचे वाटू लागले.

आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध सुतार होते. काम सोडून बरीच वर्षे झाली होती, परंतु हत्यारांची पेटी त्यांनी सोडली नव्हती. रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांच्या कानावर ही गोष्ट घातली आणि सोमवारी सकाळी ते दारात हजर! त्यांनी तावदान काढले आणि दोन्ही बाजूंच्या खोबणीतून दोन नळ्या बाहेर घेतल्या. बोटाएवढ्या जाडीच्या, हातभर लांब. प्रत्येक नळीतून एक चपटी पिळदार सळई बाहेर आलेली. एका नळीवर कागदी चिठ्ठीचा तुकडा शिल्लक होता व त्यावर प्रत्येकी साडेपाच किलो भाराचा आकडा वाचता येत होता.

मला वाटले, काम संपले! आकडा आहे, नमुना आहे, आता दुकानातून तसलीच जोडी आणली की झाले. आमच्या घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी मात्र मान हलविली. “हे दोनदा झाले आहे, फादर,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा मोडक्या नळ्या नेल्या, तशाच नव्या आणल्या. दोन्ही वेळा वर्षभरात खिडकी पडू लागली.” सुतारांनी हे ऐकले आणि काचेवर नखाने टिचकी मारली. मग काचेची कड माझ्याकडे वळवून म्हणाले, “ही पाहा, एक काच नव्हे. दोन आहेत.”

खरोखरच दोन काचा होत्या, मध्ये हवेची बारीक फट असलेल्या. थंडी रोखण्यासाठी जुनी एकेरी काच काढून तेथे दुहेरी काच बसविण्याची पद्धत त्या देशात सर्वत्र रूढ झालेली आहे. आमच्या घरीही कोणी कंत्राटदाराने ती बसवून दिली होती. काच बदलली, स्प्रिंगा मात्र जुन्याच राहिल्या.

सुतारांनी पेन्सिल काढली. काचेचा हिशेब सोपा असतो. एक चौरस मीटर काच, जाडी एक मिलिमीटर, वजन अडीच किलो. आमच्या तावदानाची काच ८० सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर उंच, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडी अधिक. चार मिलिमीटरची एकेरी काच असताना तिचे वजन साडेपाच किलोच्या आसपास होते. दुहेरी झाल्यावर ते अकरा किलोंच्या वर गेले. लाकूड तेच, मापे तीच, बाहेरून पाहणाऱ्याला फरकही जाणवू नये; परंतु स्प्रिंगांवर साडेपाच किलोंचा नवा बोजा पडला होता. दोन्ही वेळा नव्या आणलेल्या नळ्या निर्दोष होत्या. त्या ज्या तावदानासाठी घडविल्या होत्या, ते तावदान आता अस्तित्वात नव्हते!

“मग अंदाजाने थोड्या जोरकस स्प्रिंगा आणू,” मी सुचविले. तेही त्यांना पसंत पडले नाही. स्प्रिंग गरजेहून दुबळी असेल तर तावदान पडते. गरजेहून जोरकस असेल तर ते आपणहून वर चढू पाहते आणि खाली ओढताना हिसका द्यावा लागतो. “आज त्यांना खिडकी उघडता येत नाही. डिसेंबरात बंद करता आली नाही तर?” असे त्यांनी विचारले. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अंदाज आणि चिठ्ठी दोन्ही बाजूला ठेवून तावदानाचे वजन करणे, एवढाच मार्ग उरला.

न्हाणीघरात माणसांचे वजन करण्याचा काटा होता. तावदान त्यावर ठेवले तर आकडाच झाकला जाई. तेव्हा मी आधी एकटा काट्यावर उभा राहिलो. साडेएकाहत्तर किलो. मग सुतारांनी तावदान माझ्या हातांत दिले. अठ्ठ्याऐंशी. नेमक्या त्याच वेळी बाई चहा घेऊन आल्या व काट्याकडे पाहून काही न बोलता परतल्या. त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटे आली नाहीत! वजाबाकी झाली, साडेसोळा किलो. भार दोन नळ्यांनी वाटून घ्यायचा असतो, तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला सव्वाआठ. चिठ्ठीवर होते साडेपाच.

साहित्य पुरविणाऱ्यांकडे दूरध्वनी केला तेव्हा त्यांनीही पहिला प्रश्न वजनाचाच विचारला. मग नळीची लांबी, आणि तीही केवळ नळीची, बाहेर आलेल्या सळईची नव्हे. मग नळीची जाडी, कारण खोबण तेवढीच रुंद. मग तावदान किती अंतर सरकते ते, कारण सळई त्याहून आधीच संपली तर खिडकी पुरती उघडणार नाही. शेवटी सळईच्या टोकाचा आकार, जो तावदानाच्या खालच्या कडेवरील पट्टीत अडकवायचा असतो. काही नळ्यांच्या टोकाला रंग दिलेला असतो व तो स्प्रिंगेचा जोर दर्शवितो. परंतु या कारखान्याच्या तांबड्याचा अर्थ त्या कारखान्याच्या तांबड्याला लागू पडेलच असे नाही. म्हणून रंगावर विसंबायचे नाही. आणि घ्यायची ती जोडी. एकच नळी मोडली असली तरी दोन्ही बदलायच्या, कारण थकलेली व ताजी अशा दोघी एका तावदानाला जुंपल्या तर ते तिरके ओढले जाऊन खोबणीत अडकते.

नवी जोडी येईपर्यंत सुतारांनी जुनी नळी उघडून मला आतील यंत्रणा दाखविली. ती पाहून मला आमच्या सेमिनरीतील अभ्यासाआधीचे, महाविद्यालयातील भौतिकशास्त्र आठवले. स्प्रिंगेचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. स्प्रिंग जितकी ताणावी तितकी ती अधिक जोराने मागे ओढते, असा तो नियम. लंडनच्या आगीनंतर शहराच्या पुनर्रचनेत याच हूकने भूमापक म्हणून काम केले होते. सॅश खिडकीचा शोधही त्याचाच, असे पूर्वी काही जण म्हणत. त्याला भक्कम पुरावा मात्र नाही.

आता पेच लक्षात यावा. लोंबते वजन सदैव एकाच जोराने ओढते. ते वर असो वा खाली, त्याचा भार बदलत नाही. तावदानाचा भारही बदलत नाही. म्हणून दोघांची जोडी जमते. स्प्रिंगेचा स्वभाव तसा नाही. कमी ताणली तर ती कमी ओढणार, जास्त ताणली तर जास्त. साधी स्प्रिंग तावदानाला बांधली तर ते एकाच उंचीवर तोलून राहील. त्याहून खाली न्यावे तर ते वर ओढले जाईल आणि वर न्यावे तर खाली घसरेल. सदैव सारख्या राहणाऱ्या भाराला क्षणोक्षणी बदलणाऱ्या जोराने तोलायचे कसे?

याचे उत्तर त्या पिळदार सळईत आहे. नळीच्या आत एक लांब स्प्रिंग असते. तावदान खाली आले की सळई नळीतून बाहेर ओढली जाते आणि तिच्या पिळामुळे स्प्रिंगेचे टोक फिरून तिला गुंडाळी बसते, घड्याळाला किल्ली द्यावी तशी. तावदान वर नेताना ही गुंडाळी सुटत जाते आणि सुटताना सळईला वर खेचते. मौज अशी की सळईचा पीळ सर्वत्र सारखा नसतो. स्प्रिंग जेथे फार घट्ट झालेली असते, तेथे सळईचा पीळ सैल ठेवलेला असतो. स्प्रिंग जेथे सैल पडते, तेथे पीळ घट्ट असतो. एकीचा जोर वाढतो तेथे दुसरीची पकड कमी होते, आणि दोघींनी मिळून तावदानाला दिलेला आधार पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. स्प्रिंगेचा स्वभाव बदलण्याच्या भानगडीत तो कारागीर पडलाच नाही. त्या स्वभावाचा हिशेब ठेवून त्याने सळईला वळण दिले. जुन्या नळीतील सळई हातात धरून मी तिच्यावरून बोट फिरविले तेव्हा पिळातील तो फरक बोटाला स्पष्ट कळला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नवी जोडी आली. त्याच सुमारास ब्रिटनच्या हवामान खात्याने १८ व १९ जुलैसाठी अतिउष्णतेचा लाल इशारा जाहीर केला. असा इशारा देण्याची त्या खात्याची ती पहिलीच वेळ होती. शनिवारी, १६ तारखेला, सुतार आले. नळ्यांची वरची टोके त्यांनी चौकटीत स्क्रूने घट्ट केली. मग एकेक सळई पकडून कोष्टकात दिले होते तितकेच वेढे मोजून दिले, दोन्हीकडे सारखे. हे काम करताना त्यांनी मला मागे सरायला सांगितले, कारण वेढे दिलेली सळई हातून सुटली तर ती भिरभिर फिरते आणि हाताला जबर इजा करते. दोन्ही सळया तावदानाला अडकल्या. त्यांनी तावदान मध्यापर्यंत नेले आणि हात सोडला. ते तेथेच राहिले. आणखी वर नेले. तेथेही राहिले. खाली, उंबऱ्यापासून चार बोटांवर आणले. थांबले.

मग त्यांनी वृद्ध फादरांना हाक मारली. ते आले, क्षणभर खिडकीकडे संशयाने पाहत राहिले आणि वाकड्या बोटांच्या दोन पेरांनी त्यांनी तावदान उचलले. साडेसोळा किलोंचे ते ओझे विनातक्रार वर गेले. त्यांनी ते खाली आणले, पुन्हा वर नेले. असे चार वेळा केले. आम्हाला उद्देशून काहीच म्हणाले नाहीत. पाचव्यांदा खिडकी उघडून त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि वाचायला बसले. आम्ही दोघे जिना उतरून खाली आलो.

मंगळवारी, १९ जुलै २०२२ रोजी, लिंकनशरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. ब्रिटनमध्ये पाऱ्याने चाळिशी ओलांडल्याची नोंद प्रथमच झाली, आणि लंडनही त्या दिवशी चाळिशीपार गेले. चंद्रपूर-नागपूरच्या वाचकांना याचे हसू येईल. परंतु उन्हाळ्याला सरावलेल्या घरातील चाळीस अंश वेगळे आणि हिवाळ्यासाठी बांधलेल्या घरातील चाळीस अंश वेगळे. अशा दिवशी बाहेरची हवा आतल्याहून तापलेली असेपर्यंत खिडक्या व पडदे बंद ठेवायचे आणि ऊन उतरले की उघडायचे, असा तेथे सल्ला दिला जातो. सॅश खिडकीचा खरा गुण अशाच वेळी समजतो. वरचे तावदान थोडे खाली ओढायचे आणि खालचे थोडे वर न्यायचे. खोलीतील तापलेली हवा छताजवळ जमते, ती वरच्या फटीतून बाहेर पडते व तिच्या जागी खालच्या फटीतून थंड हवा आत येते. पंखा नसलेल्या घराचा तो पंखाच होय.

त्या दोन्ही रात्री मला झोप आली नाही. पहाटेच्या सुमारास वरून लाकडावर लाकूड सरकल्याचा हलका आवाज येई. थोड्या वेळाने पुन्हा येई. वृद्ध फादर आपल्या मर्जीप्रमाणे खिडकी कमी-जास्त करीत होते. मला कोणी हाक मारली नाही.

शनिवारची एक गोष्ट सांगायची राहिली. तावदान बसविण्यापूर्वी सुतारांनी चौकटीच्या खोबणीत, नळीमागे झाकली जाईल अशा जागी, पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. मी वाकून वाचल्या. पहिल्या ओळीत तारीख. दुसऱ्या ओळीत ‘दुहेरी काच, तावदान साडेसोळा किलो’. या नळ्या किती वर्षे टिकतील असे मी विचारले. स्प्रिंगच ती, कधीतरी थकणारच, असे ते म्हणाले. त्या दिवशी जो कोणी ही चौकट उघडील, त्याला आमची नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला वजन ठाऊक असले की पुरे.